खान्देशातलं देवदर्शन: आधी वार, मग मुक्काम, शेवटी गाडी

खान्देशात देवदर्शनाचा बेत बहुतेक घरांत उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी गाडी ठरते. मग गाडीत किती माणसं मावतील ते मोजलं जातं. मग कोणीतरी मोबाइलच्या नकाशावर दहा ठिकाणं दाखवतं आणि शनिवारी पहाटे निघायचं पक्कं होतं. रविवारी रात्री परतताना पद्मालय घाईत उरकलेलं असतं, अमळनेरच्या रांगेतून अर्ध्यावर बाहेर पडलेलो असतो, प्रकाशा राहिलेलं असतं आणि ज्याच्या जाऊळासाठी सगळा घाट घातला तो नातू मागच्या सीटवर तापानं फणफणलेला असतो.

यात चूक रस्त्याची नसते, क्रमाची असते. कशासाठी जायचं, कोणत्या वारी-तिथीला जायचं, मुक्काम कुठे करायचा आणि मग वाहन कोणतं, हा खरा क्रम. खाली तोच धरून सांगतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे एवढीच हद्द धरली आहे. पुण्या-मुंबईला, नाशिकला किंवा सुरतेला राहणारी आणि वर्षातून एकदा कुलदैवताला येणारी मंडळी डोळ्यांसमोर आहेत, पण गावातच राहणाऱ्यांच्याही चुका फारशा वेगळ्या नसतात.

१. कशासाठी जायचं ते एका वाक्यात ठरवा

जाऊळ आहे, नवस फेडायचा आहे, लग्नानंतर जोडप्याला कुलदेवीच्या पाया पाडायचं आहे, पितरांचं काही करायचं आहे की नुसतं दर्शन आणि फिरणं आहे? यातलं एक मुख्य धरा. बाकीचं जमलं तर जमलं.

कुळाचं काम असेल तर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला, आणि ते नसतील तर भाऊबंदांत विचारा, की आपलं देवस्थान नेमकं कोणतं. नावावर जाऊ नका. 'आमची एकवीरा' म्हणणाऱ्यांपैकी कोणाची धुळ्याच्या देवपुरातली, पांझरेकाठची एकवीरा असते, तर कोणाची लोणावळ्याजवळच्या कार्ल्याची. कित्येक खान्देशी घरांची कुलदेवी वणीची सप्तशृंगी आहे आणि ती नाशिक जिल्ह्यात. गडाचा दिवस वेगळा धरावा लागतो, तो धुळ्याच्या बेतात शेपटासारखा जोडता येत नाही.

जाऊळ आणि पितृकार्य एकाच फेरीत घालू नका. प्रकाशाला तापीकाठी अस्थिविसर्जन आणि श्राद्धाची कामं होतात, म्हणून 'एवढ्या लांब आलोच आहोत तर बाळाचंही उरकून घेऊ' असा मोह होतो. घरातल्या म्हाताऱ्यांना ते खटकतं आणि मग घाटावरच वाद होतात. दोन्ही कामं असतील तर दोन तारखा काढा.

तपासा: देवस्थानाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा या चार गोष्टी कागदावर लिहिल्या आहेत का? तालुका लिहिण्याचं कारण चौथ्या टप्प्यात येईल.

२. वार आणि तिथी

सगळ्यात जास्त बेत इथे फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात मंगळवारी लोटालोट असते. मंगळ असलेल्या मुला-मुलींची शांती, अभिषेक वगैरे करायचं असेल तर मंगळवारच हवा, त्याला इलाज नाही. पण फक्त दर्शन घ्यायचं असेल तर बुधवार-गुरुवार धरा. मंगळवारची सुट्टी काढून रांगेत दिवस घालवणारी आणि वर 'गर्दी फार होती हो' म्हणणारी माणसं दर आठवड्याला असतात.

एरंडोलजवळचं पद्मालय गणपतीच्या साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ मानलं जातं. गाभाऱ्यात दोन मूर्ती आहेत, एक उजव्या सोंडेची आणि एक डाव्या. तिथली गर्दी चतुर्थीवर चालते. आता हे दोन्ही जोडून पाहा. अंगारकी म्हणजे मंगळवारी आलेली संकष्टी. त्या दिवशी पद्मालय आणि अमळनेर दोन्हीकडे एकदमच गर्दी उसळते. 'दोन्ही जवळ आहेत, अंगारकीला दोन्ही करू' हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे फक्त पार्किंग शोधणं होतं. अंगारकीला यातलं एकच करा.

मुक्ताईनगर आणि चांगदेवची मोठी यात्रा महाशिवरात्रीला भरते. मुक्ताबाईंचा अंतर्धान सोहळा वैशाख वद्य दशमीला असतो. शहादा तालुक्यातल्या प्रकाशाला श्रावणी सोमवारी केदारेश्वराला रांगा लागतात आणि गुरू सिंह राशीत येतो त्या सिंहस्थात, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, तिथे मोठं पर्व असतं. तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरखनाथांची यात्रा भरते आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरून लोक चालत येतात. अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरते. रथ शुद्ध एकादशीला आणि पालखी पौर्णिमेला. जळगावचा श्रीराम रथ कार्तिकी एकादशीला निघतो. धुळ्याच्या एकवीरेला चैत्रात आणि नवरात्रात गर्दी. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते, आणि तिथला घोड्यांचा बाजार त्यानंतरही बरेच दिवस चालतो. घोडेच पाहायचे असतील तर जयंतीचा दिवस टाळून दोन-चार दिवसांनी गेलेलं बरं.

सावध: तिथी पाहताना पंचांग कोणतं ते पाहा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, मध्य प्रदेशाकडच्या पंचांगात पौर्णिमेला. आपण ज्याला वैशाख वद्य म्हणतो तो पंधरवडा तिकडच्या कॅलेंडरात ज्येष्ठ कृष्ण म्हणून छापलेला असतो. बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा इंदूरच्या सोयऱ्यांना 'वैशाख वद्य दशमीला मुक्ताईला या' असं सांगितलं तर ते महिनाभर आधी येऊन उभे राहतील. तिथी सांगाच, पण सोबत इंग्रजी तारीखही सांगा. श्रावणाचंही तसंच. तिकडचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून आपला पहिला सोमवार यायच्या आधीच तापीकाठी गर्दी दिसली तर चक्रावू नका.

ऋतूचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. तेव्हा दर्शन सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, मधला वेळ सावलीत. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याची ठिकाणं हिरवीगार असतात आणि सगळ्यात अवघडही तेव्हाच. पहिल्यांदाच येत असाल आणि सोबत म्हातारी माणसं असतील तर दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस निवडा. त्या दिवसांत भरताची वांगीही चांगली मिळतात, हा वरचा फायदा.

३. मुक्काम: एक शहर धरून फिरा

खान्देशातली देवस्थानं एका रेषेत नाहीत. मधून तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा तिच्या उत्तरेला, सातपुड्याच्या बाजूनं. जळगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार दक्षिणेला. नकाशात बोटभर दिसणारं अंतर पूल कुठे आहे त्यावर ठरतं. म्हणून 'सगळा खान्देश दोन दिवसांत' ही कल्पनाच सोडा आणि खालच्यापैकी एक भाग घ्या.

पूर्वेकडचा मुक्काम जळगाव किंवा भुसावळ. जळगावला राहण्या-जेवण्याची सोय अधिक, भुसावळला गाड्या अधिक. इथून मुक्ताईनगर, चांगदेव, मनुदेवी, अडावदजवळचं उनपदेव आणि पद्मालय होतं.

मधला मुक्काम धुळे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग इथे एकमेकांना मिळतात, त्यामुळे कुठूनही या, धुळं वाटेवर लागतंच. एकवीरा, अमळनेर, पारोळ्याचे बालाजी आणि शिरपूरचे खंडेराव महाराज इथून सोपे. अमळनेरलाच राहायचं असेल तर सोय आधी ठरवून या, यात्रेच्या दिवसांत ऐनवेळी खोली मिळत नाही.

पश्चिमेकडे शहादा किंवा नंदुरबार. प्रकाशा, सारंगखेडा आणि तोरणमाळसाठी शहादा जवळ. रेल्वेनं येणार असाल तर नंदुरबार.

चाळीसगाव वेगळंच धरा. तिथून अठरा-एक किलोमीटरवर पाटणादेवी आहे, आणि तो पूर्ण एक दिवसाचा ऐवज आहे. त्याला जळगावच्या दिवसाचं शेपूट करणाऱ्यांना देवीच्या दर्शनापेक्षा वनविभागाच्या नाक्याचंच दर्शन जास्त घडतं.

रेल्वेबद्दल एक गोष्ट पाठ करून ठेवा. मुक्ताईनगर, एरंडोल, पारोळा, यावल, चोपडा, शिरपूर आणि शहादा या तालुक्याच्या गावांना रेल्वे नाही. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव हे मुंबईच्या मुख्य मार्गावर आहेत. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार हे सुरत मार्गावर. आणि धुळ्याला चाळीसगावहून फाटा जातो. अमळनेरहून धुळ्याला सरळ रेल्वे नाही, ते अंतर एसटीनं किंवा गाडीनंच कापायचं.

४. सारखी नावं: तिकीट काढण्याआधी हा टप्पा

चालकाला किंवा मोबाइलला नुसतं गावाचं नाव सांगितलं की घोळ होतो. खान्देशात हे नेहमीचं आहे.

उनपदेव दोन आहेत आणि दोन्हीकडे गरम पाण्याचे झरे. एक चोपडा तालुक्यात अडावदजवळ, दुसरं शहादा तालुक्यात. जळगावला मुक्काम असताना नकाशानं दुसरं उचललं तर अर्धा दिवस गेला.

'मुक्ताईचं मंदिर' म्हणजे कोणतं? कोथळीचं जुनं, मुक्ताईनगरातलं नवं की तापीतीरी मेहूणचं? वारकरी घरांत यावर ठाम मतं असतात, म्हणून आजोबांना विचारूनच चालकाला सांगा. वयस्क माणसं अजून मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणतात. एसटीच्या पाटीवर मात्र मुक्ताईनगरच शोधा.

अमळनेर म्हणजे खान्देशातलं, जळगाव जिल्ह्यातलं. बीड जिल्ह्यातही अंमळनेर आहे आणि आता तिथेही रेल्वे पोचली आहे. आरक्षण करताना जिल्हा पाहा. शिरपूर म्हणजे धुळे जिल्ह्यातलं, वाशिमकडचं शिरपूर जैन नव्हे. म्हसावद तर जळगावजवळ आहे, शहादा तालुक्यात आहे आणि साताऱ्याकडे म्हसवडही आहे. पद्मालयासाठी उतरायचं ते जळगाव-पाचोरा यांच्या मधलं म्हसावद. तिथे मोजक्याच गाड्या थांबतात आणि पुढचं वाहन मिळेलच असं नाही, म्हणून सामान आणि मुलं सोबत असतील तर जळगावलाच उतरा.

५. आता वाहन

तीन-चार माणसं असतील आणि घाई नसेल तर एसटी उत्तम. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. मात्र आधार कार्ड हातात ठेवा. पिशवीच्या तळाशी गेलेलं कार्ड वाहकाला दाखवता येत नाही. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच चालतात, त्यामुळे सुरत, बऱ्हाणपूर किंवा सेंधव्याहून बसलात तर हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण. बरीच ठिकाणं करायची असतील तर 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास आगारात मिळतो. तो काढण्याआधी नेहमीच्या तिकिटांची बेरीज करून पाहा. घरात अर्ध्या तिकिटाचे प्रवासी जास्त असतील तर पास महागही पडू शकतो.

भाऊबंद मिळून पूर्ण बस भरत असेल तर आगारातून प्रासंगिक करारावर एसटी घेता येते. लग्नसराईत आणि यात्रांच्या दिवसांत बस मिळणं कठीण, म्हणून आधी जाऊन विचारा.

खासगी गाडी ठरवताना चालकाला भाड्याबरोबर हेही विचारा: तोरणमाळचा सात पायरी घाट चढवला आहे का? मनुदेवीला पावसाळ्यात गेला आहे का? 'हो हो, जाऊ ना' हे उत्तर नाही. कोणत्या फाट्यानं वळतो ते विचारा; गेलेला माणूस लगेच सांगतो.

सावध: छत्रपती संभाजीनगर-कन्नडकडून चाळीसगावला येणार असाल तर मध्ये औट्रम घाट लागतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता, आणि अवजड वाहनांवर तिथे निर्बंध आले आहेत. मोठी बस घेऊन येणाऱ्यांनी निघण्याआधी चौकशी करावी, पावसाळ्यात तर प्रत्येकानंच.

६. सामान बांधताना

ओटीचं सामान घरून न्या: खण किंवा साडी, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदी-कुंकू, फुलांची वेणी. दारातल्या दुकानातही सगळं मिळतं, पण घाईत घेतलेल्या ताटात एखादी गोष्ट राहतेच आणि आजीच्या ती लक्षात येतेच. दोन देवींना जायचं असेल तर दोन ओट्या वेगवेगळ्या पिशव्यांत बांधा आणि वर नाव लिहा.

सुटे पैसे, टोपी, उपरणं, पाणी आणि उन्हाळ्यात जाड सुती मोजे. मोजे कशाला? चप्पल काढल्यावर फरशीवरून गाभाऱ्यापर्यंत जायचं असतं. दुपारी दोन वाजता ती फरशी म्हणजे भट्टीतलं खापर. मुलं रडायला लागतात आणि म्हातारी माणसं मुकाट्यानं सोसतात, मग संध्याकाळी तळपायाला फोड दिसतात.

जाऊळासाठी बाळाचे कपड्यांचे दोन जोड, मऊ टॉवेल, खोबरेल तेल आणि मामा. मामाच्या मांडीवर जाऊळ काढायची तुमच्याकडे रीत असेल तर तो वेळेत पोचेल याची जबाबदारी एका माणसावर टाका. मामा जळगावहून येतोय आणि बाळ धुळ्यात तयार होऊन बसलंय, हे दृश्य नवीन नाही.

तपासा: ज्यांची औषधं चालू आहेत त्यांची दोन दिवसांची जास्त औषधं हातातल्या पिशवीत आहेत का? डिकीतली बॅग हवी त्या वेळी निघत नाही.

७. दिवसाचा क्रम

पूर्वेचा दिवस. पहाटे निघून आधी चांगदेव. तापी आणि पूर्णेच्या संगमावरचं हे जुनं दगडी मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे भिंतींना तेल-कुंकू फासू नका आणि कोरीवकामावर चढून फोटो काढू नका. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा कोरीवकाम नीट दिसतं. मग मुक्ताई, आधी ठरवलेल्या क्रमानं. संगमावर नावेत बसायचं ठरलं तर बुडण्यापासून वाचवणारं जॅकेट मागा. नसेल तर बसू नका. दुपारचं जेवण मुक्ताईनगरला करून उन्हं उतरल्यावर परत निघा. यात मनुदेवी घुसवू नका.

सातपुड्याचा दिवस. यावल-चोपडा रस्त्यावरून आडगावकडे वळून मनुदेवी. शेवटचा पट्टा जंगलातून जातो आणि मंदिर डोंगराच्या कुशीत आहे. पावसाळ्यात तिथे धबधबा कोसळतो. माकडं खूप आहेत, त्यामुळे प्रसादाची पिशवी झाकलेली हवी. तिथून अडावदचं उनपदेव. गोमुखातून येणारं पाणी खरंच गरम असतं, तेव्हा लहान मुलाला आणण्याआधी स्वतःचा हात घालून पाहा. साबण-शाम्पू नेऊ नका. त्याच कुंडात पुढच्या माणसाला उतरायचं असतं. दिवस मावळायच्या आत चोपड्याला या. तिथून जळगावला परता किंवा तापी ओलांडून अमळनेरला मुक्कामाला जा.

सावध: पावसाळ्यात डोंगरावरचं आभाळ पाहा, डोक्यावरचं नाही. मनुदेवीच्या वाटेवरचा ओढा वर पाऊस झाला की थोड्या वेळात फुगतो. गाडी पलीकडे आणि पाणी मध्ये, असं झालं तर पाणी उतरेपर्यंत बसून राहा. रस्त्यात कोणी गावकरी थांबवून अहिराणीत 'कथा जाई राहिनात?' (कुठे चाललात?) असं विचारून पुढे पाणी असल्याचं सांगत असेल तर त्याचं ऐका. त्याला ओढा माहीत आहे, मोबाइलला नाही.

मधला दिवस. जळगावहून सकाळी लवकर एरंडोलमार्गे पद्मालय. तळ्याकाठी वेळ जातो, तो आधीच धरून ठेवा. तिथून पारोळ्याला बालाजींचं दर्शन घेऊन सरळ धुळे, आणि संध्याकाळच्या आरतीला एकवीरा. नाहीतर पद्मालयाहून अमळनेर आणि मुक्कामाला धुळे. पारोळा, अमळनेर आणि एकवीरा तिन्ही एका दुपारी करायला जाल तर एकवीरेला पोचेपर्यंत माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली असतात. जाऊळ एकवीरेला असेल तर दिवस उलटा करा: सकाळी एकवीरा, मग उरलेलं. बाळाचं काम कधीही संध्याकाळवर टाकू नये.

पश्चिमेकडे दोन दिवस हवेत. पहिल्या दिवशी दोंडाईचाकडून तापी ओलांडून सारंगखेडा, मग प्रकाशा, मुक्काम शहाद्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोरणमाळ. शहाद्याहून अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाट आहे. इंधन शहाद्यातच भरा, रोख पैसे तिथेच काढा आणि घरी फोनही तिथूनच करा, वर नेटवर्कचा भरवसा धरू नका. गोरखनाथांचं दर्शन आणि यशवंत तलाव करून अंधार पडायच्या आत घाट उतरा किंवा वरच राहा. रात्री घाट उतरणं हा तिसरा पर्याय मी तरी धरत नाही.

पाटणादेवी. गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग असल्यामुळे वनविभागाच्या नाक्यावर नोंद होते आणि वेळेची बंधनं असतात. सकाळी जा, सूर्यास्ताच्या आत बाहेर पडा, प्लास्टिक शक्यतो नेऊच नका. देवीचं दर्शन सगळ्यांसाठी. केदारकुंड आणि लेण्यांची चढण फक्त पायांत बळ असणाऱ्यांसाठी. गट फोडायचा असेल तर परत भेटायची वेळ आणि जागा आधी ठरवा, कारण फोन लागेलच असं नाही.

८. मंदिरात पोचल्यावर

रांगेत लागण्याआधी कार्यालयात जा. अभिषेक, पूजा, महाप्रसाद यांच्या पावत्या तिथे मिळतात आणि फलकावर दर लिहिलेले असतात. बाहेर कोणी 'मी लवकर करून देतो' म्हणालं तर पावती मागा. पावती देता येत नसेल तर नमस्कार करून पुढे चला. पोशाखाचे नियमही त्याच फलकावर असतात. अर्ध्या चड्डीतल्या भाच्याला दारातून परत पाठवलं म्हणून पुजाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही, गाडीत एक लुंगी ठेवा.

जाऊळाचा क्रम असा: आधी न्हाव्याशी दर पक्का करा आणि नवीन पातं समोर लावून घ्या, मग जाऊळ, मग बाळाची आंघोळ, मग दर्शन आणि ओटी, शेवटी जेवण. काही घरांत रीत वेगळी असते, ती पाळा. पण आंघोळीआधी बाळाला रांगेत उभं करण्याची चूक करू नका. कापलेले केस नदीत सोडण्याची घरची रीत असली, तरी पांझरेच्या उथळ पाण्यात ते तिथेच अडकतात. कागदात बांधून नेमून दिलेल्या जागी ठेवा.

प्रकाशाला घाटावर उतरताना तापीची पातळी विचारा. इथला पाऊस पाहून अंदाज बांधू नका. मध्य प्रदेशात किंवा पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे विदर्भाकडे, जोराचा पाऊस झाला की हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि खाली ऊन पडलेलं असतानाही नदी चढते. खाली सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज आहेत, तिथूनही पाणी सोडलं जातं. भोंगा वाजला किंवा पोलिसांनी हटकलं की विधी अर्धा राहिला तरी वर या. उरलेला वरच्या पायरीवर पूर्ण होतो, गुरुजींची त्याला हरकत नसते.

९. रथाच्या आणि यात्रेच्या दिवशी

जळगावच्या रथाला किंवा अमळनेरच्या यात्रेला मुद्दाम यायचं असेल तर त्या दिवसाच्या बेतात दुसरं काहीच ठेवू नका. गाडी गावाबाहेर लावा, जुन्या गावातले रस्ते बंद असतात.

रथ पुढे लोटतात माणसं आणि त्याला आवरतात मोगऱ्या. चाकाखाली लाकडी मोगरी घालून वेग आणि वळण सांभाळणाऱ्यांना दोन्ही बाजूंना जागा लागते. फोटोसाठी चाकाजवळ वाकू नका, मुलाला खांद्यावर घेऊन रथासमोर उलटं चालू नका. रथ बघायची चांगली जागा म्हणजे वळणानंतरचा सरळ रस्ता आणि ओळखीच्या घराचा ओटा. ओळख नसेल तर ओटेवाल्यांना विचारा, खान्देशात सहसा नाही म्हणत नाहीत, उलट चहा पाजतात.

मुलांच्या खिशात घरच्या दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. सारंगखेड्यात घोड्याच्या मागून जाऊ नका, आणि लहान मुलाला घोड्यावर बसवण्याआधी लगाम कोणाच्या हातात आहे ते पाहा.

१०. जेवण आणि परत निघणं

शेवभाजी मागवताना 'कमी तिखट' आधी सांगा, नंतर दही मागून उपयोग होत नाही. म्हाताऱ्यांसाठी आणि मुलांसाठी वरण-बट्टी बरी, तूप वेगळं घ्या. कळण्याची भाकरी आणि भरीत मिळालं तर बाकीचं सोडून तेच घ्या. मंदिराचा महाप्रसाद असेल तर वेळ विचारून ठेवा, पंगत संपल्यावर कोणाची इच्छा असली तरी चूल पुन्हा पेटत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चार फोन करा. पहिला देवस्थानाला: उद्या काही कार्यक्रम आहे का, गाभारा किती वाजता बंद होतो? ग्रहण, मूर्तीला लेप, मंदिराचं बांधकाम अशा कारणांनी दर्शन बंद असल्याचं दारात जाऊन कळणं फार जिवावर येतं. दुसरा चालकाला, तिसरा मुक्कामाच्या ठिकाणी किती माणसं येणार ते सांगायला. चौथा मामाला.